रेशो सुधारला म्हणता, पण अंश हलला की छेद?

पडताळा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी कर्ज विभागात होतो. कुठल्या संस्थेत ते सोडा. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची फाइल माझ्या टेबलावर आली. त्यांना कर्जमर्यादा वाढवून हवी होती. मी मन लावून तक्ता केला. तीन वर्षांचा आरओसीई, म्हणजे गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा, १४ टक्के, मग १६, मग १९. शेऱ्यात लिहिलं, 'कार्यक्षमतेत सातत्याने सुधारणा'. वाक्य मला इतकं आवडलं होतं की खाली रेघसुद्धा मारली.

साहेबांनी फाइल उघडली, तक्त्यावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "अंश वाढला की छेद घटला?"

मला उत्तर देता आलं नाही. परत जागेवर येऊन मूळ आकडे काढले (इथे थोडे बदलून देतो). व्याज आणि कराआधीचा नफा २८ कोटी, २८ कोटी, २७ कोटी. गुंतलेलं भांडवल २००, १७२, १४२. म्हणजे नफा जिथल्या तिथे, उलट किंचित खाली. तीन वर्षांत एकही मोठं यंत्र घेतलं नव्हतं. दरवर्षी घसारा पडत होता आणि पुस्तकातली मालमत्ता वितळत होती. जी रोकड यंत्रांवर लागायला हवी होती, ती लाभांशातून बाहेर जात होती. कंपनी म्हातारी होत होती आणि मी तिला तब्येत सुधारल्याचा दाखला लिहून दिला होता.

पुढच्या वर्षी त्यांचं मुख्य यंत्र बंद पडलं आणि जवळपास तीन महिने उत्पादन बंद राहिलं. आमची मर्यादा वाढवलेली नव्हती, त्याचं श्रेय पेन्सिलीला.

तेव्हापासून कुठलाही रेशो पाहिला की आधी हाच प्रश्न विचारतो. इथे बरेच जण ताळेबंद वाचणारे आहेत. तुम्ही रेशो कसे वाचता, कुठे फसलात आणि कुठल्या रेशोमुळे एखादा निर्णय बदलला, ते लिहा.

उगाच_एक

वाचतोय. 'कंपनी म्हातारी होत होती' हे वाचून स्वतःकडे पाहिलं. माझाही छेद घटत चाललाय.

शिल्लक_शून्य

नवशिकी आहे, सांभाळून घ्या. मला एवढंच पाठ आहे : करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) २ असावा, डेट-इक्विटी (कर्ज भागिले भागधारकांचा निधी) १ च्या आत असावा, आरओई (भागधारकांच्या निधीवरचा परतावा) १५ टक्क्यांच्या वर असावा. पण २ च का? १.७ असला तर काय आभाळ कोसळतं?

जुनी_खतावणी

काही कोसळत नाही. तो २ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन बँकांमध्ये रुळला. हिशेब साधा होता. उद्या धंदा मोडला आणि गोदामातला माल, उधारी असं सगळं निम्म्या भावात गेलं, तरी वर्षभरात फेडायची देणी फिटली पाहिजेत. चालू मालमत्ता देण्यांच्या दुप्पट असली की ते जमतं. ही सावकाराची सावधगिरी आहे. धंदा कसा चाललाय याच्याशी तिचा संबंध कमीच.

अलेक्झांडर वॉल याने १९१९ मध्ये ९८१ कंपन्यांचे सात वेगवेगळे रेशो मांडले, उद्योगवार आणि प्रदेशवार. प्रत्येक धंद्याचा आकडा वेगळा निघाला. म्हणजे सगळ्यांना एकच गज लावता येत नाही हे शंभर वर्षांपूर्वीच कागदावर आलं होतं. तरी पाठ्यपुस्तकात २ तो २ च.

आपल्याकडे बँका १.३३ म्हणतात, तो आकडा रिझर्व्ह बँकेच्या टंडन समितीचा, १९७५ चा. समितीच्या दुसऱ्या पद्धतीत एकूण चालू मालमत्तेच्या किमान २५ टक्के रक्कम कर्जदाराने स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून घालायची. उरलेले ७५ पुरवठादार आणि बँक मिळून. १०० ला ७५ ने भागा. झाला १.३३. मी पस्तीस वर्षं तो आकडा मागत आलो. समोरचा विचारायचा 'हाच का?' तेव्हा भागाकार करून दाखवला की बरेच जण चकित व्हायचे. त्यांना वाटायचं वरून आदेश आलाय.

शिल्लक_शून्य

काका, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मग १.३३ च्या वर असला की पास?

जुनी_खतावणी

तिथेच तर गंमत आहे. समजा चालू मालमत्ता १५०, चालू देणी १००. रेशो १.५. वर्ष संपायच्या आदल्या दिवशी बँकेतल्या रोकडीतून ५० ची देणी फेडली. आता मालमत्ता १००, देणी ५०. रेशो २. कंपनीत काही घडलं का? कारखान्यात एक स्क्रूसुद्धा हलला नाही. आठवड्याने पुन्हा तेवढीच उधारी केली की रेशो परत १.५.

आणि हीच युक्ती १ च्या खालच्या कंपनीने केली तर उलटी पडते. ८० ला १०० म्हणजे ०.८. ५० फेडले तर ३० ला ५०, म्हणजे ०.६. त्यामुळे अशा कंपन्या वर्षअखेरीला पुरवठादारांचे फोन उचलत नाहीत, असा माझा अनुभव. फेडलं तर आकडा आणखी बिघडतो ना!

म्हणून मी एका तारखेच्या ताळेबंदावर कधी विसंबलो नाही. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट मागवायचो आणि बारा महिन्यांची सरासरी काढायचो.

वाकडी_वाट

खतावणीकाकांनी जे लहान प्रमाणावर सांगितलं तेच लेहमन ब्रदर्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेने अब्जावधी डॉलर्समध्ये केलं. रेपो १०५ नावाची भानगड. १०५ चे रोखे देऊन १०० ची रोकड उचलायची. खरं तर हे तारण ठेवून घेतलेलं अल्प मुदतीचं कर्ज, पण पुस्तकात दाखवायचं 'रोखे विकले'. आलेल्या रोकडीतून दुसरी देणी फेडायची. तिमाही संपून काही दिवस झाले की रोखे परत घ्यायचे. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीत जवळपास ५० अब्ज डॉलर्स असे काही दिवसांसाठी ताळेबंदाबाहेर काढले होते. निव्वळ लीव्हरेज रेशो (स्वतःच्या निधीच्या किती पट मालमत्ता) १३.९ दिसायला हवा होता, तो १२.१ दिसला. सप्टेंबर २००८ मध्ये दिवाळखोरी.

१३.९ आणि १२.१ मध्ये फार फरक वाटत नाही ना? बाजार तेव्हा एवढ्याच फरकावर डोळे लावून बसला होता. जो रेशो सगळे बघतात तोच रंगवला जातो.

मोजपट्टी

मी कारखान्यात कॉस्टिंगला आहे, त्यामुळे माझी बाजू वेगळी. तुम्ही सगळे बाहेरून रेशो पाहता. आम्ही आत बसून पाहतो की रेशो माणसांकडून काय काय करवून घेतो.

आमच्या एका युनिटप्रमुखांचा बोनस युनिटच्या आरओआयवर, म्हणजे घातलेल्या भांडवलावरच्या परताव्यावर होता. युनिटमध्ये भांडवल १००, नफा २५, म्हणजे २५ टक्के. नवीन लाइनचा प्रस्ताव आला : ४० घालायचे, वर्षाला ७.२ मिळणार, म्हणजे १८ टक्के. कंपनीला पैसा पडत होता १२ टक्क्यांनी. १२ ने घेऊन १८ मिळत असतील तर डोळे झाकून हो म्हणायला हवं. पण युनिटचा आरओआय होणार ३२.२ भागिले १४०, म्हणजे २३. साहेबांचा आकडा २५ वरून २३ वर येणार. प्रस्ताव 'सध्या योग्य वेळ नाही' म्हणून बारगळला. त्यांना दोष कसा देणार? कंपनीनेच सांगितलं होतं की आम्ही तुला या आकड्यावर मोजणार.

यावर जुना उतारा आहे. टक्का न पाहता भांडवलाचं भाडं वजा करून काय उरतं ते पाहायचं. आधी २५ वजा १२ म्हणजे १३ उरत होते. लाइन घेतली असती तर ३२.२ वजा १६.८ म्हणजे १५.४. उत्तर लगेच स्वच्छ. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५० च्या दशकात ही पद्धत रेसिड्युअल इन्कम नावाने वापरात होती. पुढे सल्लागार मंडळींनी ती ईव्हीए असं नवीन नाव लावून विकली.

पडताळा

मोजपट्टीताई, माझ्या फाइलमधल्या कंपनीचं गूढ आज उकललं. तिथेही वरच्या लोकांचे बोनस आरओसीईवर असणार. यंत्रं न घेणं हा त्यांच्या बाजूने शहाणपणाच होता की!

मोजपट्टी

असणारच. जुनं यंत्र म्हणजे आरओआयला वरदान. घसारा जाऊन जाऊन पुस्तकात जवळपास शून्य उरलेलं असतं, त्यामुळे छेदात काहीच नाही. तुमच्यासारख्यांना एक सोपी तपासणी सांगते. एकूण साठलेला घसारा भागिले यंत्रांची मूळ किंमत. हा आकडा दरवर्षी चढत ०.८ च्या पुढे गेला असेल तर मालमत्ता थकली आहे असं समजा. आणि वर्षभरात नवीन यंत्रांवर केलेला खर्च त्या वर्षीच्या घसाऱ्याच्या आसपास तरी आहे का तेही पाहा. दोन्ही आकडे ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये मिळतात, पाच मिनिटांचं काम.

आता दुसरा किस्सा, हा जास्त लाजिरवाणा आहे. एका वर्षी विक्री थंड होती आणि तरी शेवटच्या दोन महिन्यांत यंत्रं ओव्हरटाइमवर. गोदाम भरलं, मग ताडपत्री टाकून माल आवारात. मी नवीन होते, विचारलं, विकला जात नाही तर बनवतो कशाला? वरिष्ठ हसले.

कारण असं. समजा स्थिर खर्च १०००. १०० नग बनवले तर प्रत्येक नगावर १० बसतात. १०० विकले की सगळे १००० नफ्यातून गेले. पण २०० नग बनवले तर नगावर ५ च बसतात. विकले १०० च, म्हणजे नफ्यातून गेले ५००. उरलेले ५०० आवारातल्या ताडपत्रीखाली, साठा म्हणून, मालमत्तेत. विक्री तेवढीच, नफा ५०० ने जास्त! ग्रॉस मार्जिन (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरलेला टक्का) सुधारलं म्हणून त्या वर्षी कौतुकाचं पत्रही आलं.

पकडायचं कसं? मार्जिन वर आणि साठ्याची उलाढाल, म्हणजे साठा वर्षात किती वेळा विकून फिरला तो आकडा, खाली, असं एकाच वर्षी दिसलं तर थांबायचं. एकटं मार्जिन पाहून हे कधीच कळणार नाही.

उगाच_एक

ताडपत्रीखाली नफा लपतो हे माहीत नव्हतं. आमच्या गच्चीवर एक ताडपत्री आहे, आज उचलून बघतो.

वाकडी_वाट

मी थोडा विरोधी सूर लावतो. सगळे म्हणताय करंट रेशो जपून वाचा, पण वॉलमार्टचा करंट रेशो वर्षानुवर्षं १ च्या खाली आहे आणि कंपनी ठणठणीत आहे. किरकोळ विक्रीत माल ४० दिवसांत जातो, गिऱ्हाईक रोख देतं म्हणून येणी ५ दिवसांची, आणि पुरवठादाराला पैसे ६० दिवसांनी. ४० अधिक ५ वजा ६० म्हणजे उणे १५. (आकडे समजण्यापुरते, वॉलमार्टचे नव्हेत.) माल विकून पैसे हातात, आणि त्याचे पैसे द्यायला अजून पंधरवडा. डेलने १९९० च्या दशकात संगणक आधी विकून मग सुटे भाग मागवत हेच केलं. अशा धंद्यात जितकी वाढ तितकी रोकड जास्त. त्यांना करंट रेशो २ ठेवायला सांगणं म्हणजे पैसे उगाच अडकवायला सांगणं.

जुनी_खतावणी

मान्य. पण त्याच नाण्यावर एक प्रश्न : पुरवठादार ६० दिवस थांबतो, तो खुशीने की नाइलाजाने? ब्रिटनची बांधकाम कंपनी कॅरिलियन आठवा, जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. त्यांनी व्यवस्था केली होती की पुरवठादाराने लवकर पैसे हवे असतील तर बँकेकडून घ्यावे, कंपनी बँकेला सावकाश देईल. दिसायला सोय. पण आता देणं पुरवठादाराचं राहिलं नाही, बँकेचं झालं. म्हणजे कर्जच. ते ताळेबंदात कर्जाच्या ओळीत न दाखवता 'इतर देणी'त बसवलं. डेट-इक्विटी काढणारा कर्जाची ओळ घेणार, इतर देण्यांकडे कोण बघतो?

आंतरराष्ट्रीय लेखा मानकांत २०२३ मध्ये बदल करून अशा व्यवस्था वेगळ्या दाखवायला लावलं, २०२४ पासून लागू. पण देण्यांचे दिवस अचानक ६० वरून ११० झाले, आणि कंपनी म्हणतेय 'आमची वाटाघाटीची ताकद वाढली', तर माझ्यासारखा म्हातारा पेन्सिल बाहेर काढतो.

शिल्लक_शून्य

मला आता भीती वाटायला लागलीय. आरओई तरी सरळ आहे ना? भागधारकांच्या पैशावर किती मिळालं. २० टक्के म्हणजे २० टक्के.

वाकडी_वाट

आरओई तर सगळ्यात लबाड :)

ड्यूपाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन नावाचा, शिक्षणाने इंजिनिअर असलेला माणूस होता. त्याने १९१२ च्या सुमारास परताव्याची फोड केली : विक्रीवर किती टक्के नफा, आणि मालमत्ता वर्षात विक्रीतून किती वेळा फिरली. दोन्हींचा गुणाकार म्हणजे मालमत्तेवरचा परतावा. पुढे ड्यूपाँटने जनरल मोटर्समध्ये पैसे घातले आणि १९२१ मध्ये ब्राउन तिकडे गेला, सोबत ही फोडही गेली. नंतर लोकांनी तिसरा तुकडा जोडला : मालमत्ता भागिले भागधारकांचा निधी, म्हणजे उसनवारी किती.

आता तुमचे २० टक्के तीन कंपन्यांत बघा.

पहिली : मार्जिन ५ टक्के, फेरे २, उसनवारी २ पट.
दुसरी : मार्जिन २० टक्के, फेरे ०.५, उसनवारी २ पट.
तिसरी : मार्जिन ४ टक्के, फेरे १, उसनवारी ५ पट.

गुणाकार तिन्हीकडे २०. पहिली चपळ व्यापारी, थोड्या नफ्यावर भराभर फिरवणारी. दुसरीकडे बहुधा मोठं यंत्र किंवा ब्रँड आहे. तिसरी दुसऱ्याच्या पैशावर चालते. आता दिवस फिरले आणि व्याजाआधीचा नफा पाव भागाने घटला असं धरा. मालमत्ता दोघींची ५००, व्याज ८ टक्के, कर सोडून देऊ. पहिलीचा स्वतःचा निधी २५०, कर्ज २५०, व्याज २०. व्याजाआधीचा नफा ७० होता, ५२.५ झाला, व्याज जाऊन ३२.५. आरओई १३. तिसरीचा निधी १००, कर्ज ४००, व्याज ३२. व्याजाआधीचा नफा ५२ होता, ३९ झाला, व्याज जाऊन ७. आरओई ७.

काल दोघीही २० होत्या. फरक कालच दिसत होता, फक्त दुसऱ्या रेशोत. व्याज भागवण्याची क्षमता पहिलीची ३.५ पट, तिसरीची १.६ पट.

आणि छेदाची सगळ्यात टोकाची गंमत हवी असेल तर मॅकडोनाल्ड्स. स्वतःचे शेअर इतके परत विकत घेतले की भागधारकांचा निधी २०१६ पासून उणे. नफा भरघोस, छेद उणे. आरओई काढलात तर जोरात चालणारी कंपनी तोट्यात दिसेल. तिथे तो रेशो काढायचाच नाही, बस.

शिल्लक_शून्य

तिसरीचे २० वरून ७ स्वतः वहीत करून पाहिले. बरोबर येतात. विश्वास बसेना म्हणून दोनदा केले.

मोजपट्टी

रोकडीबद्दल अजून कोणी बोललं नाही, आश्चर्य आहे. डब्ल्यू. टी. ग्रँट ही अमेरिकेतली हजारावर दुकानांची साखळी, ऑक्टोबर १९७५ मध्ये दिवाळखोर. त्याआधीची कित्येक वर्षं नफा दिसत होता, लाभांश वाटला जात होता. पण धंद्यातून येणारी रोकड बहुतेक वर्षं उणे. माल उधारीवर दिला जात होता, येणी आणि साठा फुगत होते. वर्षाचा नफा पुस्तकात, पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात, आणि दुकानाचं भाडं भरायला बँकेचं कर्ज. १९८० मध्ये दोन अभ्यासकांनी हे मांडलं आणि तेव्हापासून अकाउंटिंगच्या वर्गात हे उदाहरण ठरलेलं.

म्हणून माझा आवडता रेशो एकच : धंद्यातून आलेली रोकड भागिले निव्वळ नफा. एखाद्या वर्षी कमी असेल तर सोडा. चार-पाच वर्षांची बेरीज घ्या. नफ्याच्या बेरजेच्या निम्मीही रोकड आलेली नसेल तर नफा कुठे राहतो ते शोधा.

जुनी_खतावणी

विल्यम बीव्हर या अभ्यासकाने १९६६ मध्ये बुडालेल्या ७९ कंपन्या तेवढ्याच धडधाकट कंपन्यांशी ताडून पाहिल्या. त्यातही रोकडीचा ओघ आणि एकूण कर्ज यांचा रेशो सगळ्यात आधी इशारा देणारा ठरला. आमचा लाडका करंट रेशो बराच मागे. दोन वर्षांनी ऑल्टमनने ६६ कंपन्यांवरून पाच रेशो वजन लावून एकत्र केले, तो झेड-स्कोअर. १.८१ च्या खाली धोका, २.९९ च्या वर निर्धास्त, मध्ये धूसर. पण त्या ६६ कंपन्या उत्पादन करणाऱ्या होत्या. परवा कोणीतरी मला एका बँकेचा झेड-स्कोअर पाठवला. बँकेचं सगळं दुकानच उसन्या पैशावर, तिथे हे गणित लावून काय निघणार?

उगाच_एक

पण आकडेच खोटे असले तर? सत्यम?

पडताळा

हा प्रश्न येणारच होता. सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबुली होती की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोकड आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तिमाहीचं मार्जिन दाखवलं २४ टक्के, खरं ३ टक्के. तुम्ही म्हणाल, एवढ्या रोकडीवर व्याज किती आलं हे ताडून पकडता आलं असतं. पण ३७६ कोटींचं येणं व्याजही खोटंच लिहिलेलं होतं. म्हणजे अंशही रचलेला, छेदही रचलेला. तिथे रेशो हात टेकतो. त्याच्यापुढे बँकेला थेट पत्र लिहून शिल्लक विचारणारा ऑडिटर लागतो.

पण रोजच्या कामात मला अशी सरळ खोटी पुस्तकं फार कमी भेटली. नियमात बसवून केलेली सजावट मात्र पावलोपावली.

वाकडी_वाट

नियम बदलला की खऱ्या कंपनीचे रेशोही उड्या मारतात, हे विसरू नका. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे भारतीय लेखा मानक लागू झालं आणि भाड्याने घेतलेल्या जागा, विमानं वगैरे ताळेबंदात देणं म्हणून आली. एका रात्रीत विमान कंपन्यांचा आणि दुकानांच्या साखळ्यांचा डेट-इक्विटी वर. भाडं गेलं, त्याऐवजी घसारा आणि व्याज आलं, म्हणून एबिटाही (व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा) वर. धंदा तोच. माझ्या एका मित्राने दहा वर्षांचा आलेख काढून '२०१९ नंतर एबिटा मार्जिनमध्ये क्रांती' असा निष्कर्ष काढला होता. त्याला हे समजावताना मैत्री पणाला लागली.

जुनी_खतावणी

शिल्लक_शून्य ताई, तुमच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये बदल झाला. आता कंपन्यांना अकरा रेशो स्वतःच टिपांमध्ये द्यावे लागतात : करंट, डेट-इक्विटी, कर्जफेडीची क्षमता, साठ्याची, येण्यांची, देण्यांची उलाढाल वगैरे. अंशात काय घेतलं, छेदात काय घेतलं हेही लिहायचं. आणि आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदल असेल तर कारण द्यायचं. तक्ता सहसा टिपांच्या शेवटाकडे असतो. एक कंपनी घ्या, फक्त कारणांचा रकाना वाचा, मग ते कारण आकड्यांत सापडतंय का बघा. बरेचदा तिथे नुसतं 'विक्री वाढल्यामुळे' लिहिलेलं असतं, काही ठिकाणी तर विक्री घटलेल्या वर्षीही. आधीच्या वर्षाचा मजकूर चिकटवतात हो.

शिल्लक_शून्य

केलं! तीन दिवस गेले. कंपनीचं नाव देत नाही, आकडे थोडे गोल केलेत.

साठ्याची उलाढाल ६ वरून ८.५. बदल ४० टक्क्यांच्या वर, म्हणून कारण द्यावं लागलंय. रकान्यात लिहिलंय, 'साठा व्यवस्थापनातील सुधारणेमुळे'. आधी मला बरं वाटलं. मग अंश-छेद वेगळे केले. विकलेल्या मालाचा खर्च ६०० वरून ५१०. म्हणजे विक्रीच घटलीय. साठा १०० वरून ६०. विक्री घटत असताना साठा ४० ने कमी झाला, म्हणजे गेला कुठे? इथे अडकले.

मोजपट्टी

शाबास. आता नफा-तोटा पत्रकात 'अपवादात्मक बाबी' अशी ओळ आहे का बघा. असेल तर तिच्या टीपेचा नंबर धरून मागे जा.

शिल्लक_शून्य

सापडलं. टीप क्रमांक ३४. 'न हलणारा साठा निर्लेखित : ३१.'

म्हणजे ४० पैकी ३१ विकलेच नाहीत. फेकले.

पडताळा

आणि खर्च अपवादात्मक बाबीत टाकल्यामुळे तो विकलेल्या मालाच्या खर्चात आला नाही, म्हणजे मार्जिनही शाबूत राहिलं असणार. तपासा.

शिल्लक_शून्य

तपासलं. ग्रॉस मार्जिन अर्ध्या टक्क्याने वर आहे. अध्यक्षांच्या भाषणात त्याचा खास उल्लेख आहे.

जुनी_खतावणी

ताई, मागच्या वर्षीचंही मार्जिन एकदा काढा. हा ३१ चा माल तेव्हा बनवला असणार. ताडपत्री कधी घातली ते कळेल.